बोअर मोजल्याशिवाय बोलू नका

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी बडोद्यात आयुष्य काढलं. ठोकलेल्या, जळलेल्या, पुरात बुडालेल्या आणि चोरीला जाऊन परत सापडलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसानीचा आकडा काढायचा, हा धंदा. विश्वामित्री नदी शहरात शिरली की पुढचे कित्येक दिवस जेवायला फुरसत नसे. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. गाडी समोर आली की बाकीचे रंग बघतात, मी खाली वाकतो.

चोरीच्या गाडीवरचे नंबर बदलणारा माणूस कष्टाळू असतो. चेसिसचा आकडा घासून नवा ठोकतो, इंजिनाचा ठोकतो, काचेवर नंबर कोरलेला असेल तर काच बदलतो. पण सीटबेल्टच्या लेबलावर बेल्ट कधी बनला ते छापलेलं असतं, तिकडे त्याचं लक्ष जात नाही. त्याचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक जिथे बघणार तिथेच तो मेहनत घेतो. म्हणून मी जिथे कोणी बघत नाही तिथून सुरुवात करतो. न्यायवैद्यकवाल्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. घासलेल्या जागेवर तेजाबी द्रावण फिरवलं की नाहीसा झालेला आकडा हळूहळू वर येतो. ठोकताना खालचं पोलाद दबलेलं असतं, वरचा थर घासून गेला तरी तो दबलेला भाग तेजाबाला वेगळा वागतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

तर अशा माणसाला दांडिया बाजारातल्या एका वाड्यातून बोलावणं आलं. वाड्याच्या मागच्या चौकात पत्र्याच्या शेडखाली एक एम. जी. उभी होती. उघडी, दोन माणसांची, उभट रेडिएटरची, तारेच्या चाकांची. मालकांना सगळी गल्ली नाना म्हणते, मीही म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. गाडी त्यांच्या वडिलांनी 1948 च्या सुमारास घेतली. बीबीसीआय रेल्वेतला एक इंग्रज इंजिनिअर गाशा गुंडाळून मायदेशी निघाला होता, त्याच्याकडून. त्याआधी गाडी मुंबईला होती, नंबरही मुंबईचाच, बी एम ने सुरू होणारा.

नानांना विकायची घाई नव्हती. घाई होती पुतण्याला. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर ‘21 गन सॅल्यूट’चा जुन्या मोटारींचा मेळा भरला होता, तिथे हिरवळीवर ओळीने उभ्या असलेल्या चकचकीत गाड्या बघून त्याला घरच्या शेडची आठवण झाली. मग मुंबईचा एक दलाल आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं आणि जाहीर केलं की ही नेहमीची टीसी नाही, टीबी आहे, 1939 ची, आणि ‘मॅचिंग नंबर्स’ आहे. म्हणजे कारखान्यातून जे इंजिन बसून आलं तेच आजही बसलेलं आहे. किंमत त्याने सांगितली ती पुतण्याने मला कानात सांगितली. मी इथे लिहीत नाही.

अडचण एवढीच होती की नानांच्या जुन्या आरसी बुकात उत्पादनाचं वर्ष 1946 आणि मॉडेल टी. सी. असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला म्हणून तिऱ्हाइताचा अहवाल हवा होता. पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, टीबी निघाली तर बरं होईल.” मागून नानांचा आवाज आला, “निघू दे, औषधं आहेत आता.”

टीबीची एवढी मातब्बरी कशासाठी, ते आधी सांगतो. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, कारखाना इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला. 1936 साली त्यांनी टीए काढली, 1292 सीसीच्या इंजिनाची. 1939 च्या मे महिन्यात त्याच गाडीत 1250 सीसीचं नवं इंजिन घातलं आणि टीबी म्हटलं. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं, कारखाना लष्करी कामाला जुंपला, टीबी तिथेच खुंटली. एकूण 379 झाल्या. चेसिस नंबर टीबी 0251 पासून टीबी 0629 पर्यंत. सुरुवात 0251 ने का, तर कारखान्याचा टेलिफोन नंबर अ‍ॅबिंग्डन 251 होता! युद्ध संपल्यावर 1945 च्या ऑक्टोबरात तीच गाडी थोडी रुंद करून टीसी म्हणून बाजारात आली आणि 1949 पर्यंत जवळजवळ दहा हजार विकल्या गेल्या. ज्या सेसिल किंबरने ही कंपनी उभी केली त्याला 1941 मध्येच बाहेर काढलं होतं आणि फेब्रुवारी 1945 मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात तो गेला. टीसी त्याने बघितलीच नाही. माझ्या कामाशी याचा काही संबंध नाही, पण हे आठवल्याशिवाय मला एम. जी. बघता येत नाही.

दहा हजारांची एक जात आणि 379 ची दुसरी. इंजिन एकाच जातीचं, तोंड सारखं, चाकं सारखी. मग टीसीची टीबी करायला काय लागतं? एक पितळी पाटी. म्हणून टीबी म्हणून समोर आलेल्या गाडीकडे आधी संशयाने बघावं लागतं, आणि इथे तर आरसी बुकच विरुद्ध साक्ष देत होतं.

पुतण्याने एक सोपा उपाय सुचवला. “काका, एमजीचा कारखाना आपल्या हालोललाच आहे. तिथे विचारू या ना?” हालोल बडोद्यापासून चाळीसेक किलोमीटर, आणि बॉनेटवरचा अष्टकोन तोच. पण तो कारखाना आधी दुसऱ्याच कंपनीचा होता, एमजीच्या गाड्या तिथून निघू लागल्या 2019 मध्ये. अ‍ॅबिंग्डनच्या वह्या तिथे कशाला असतील? मी त्याला म्हटलं, तू टॉर्च धर.

चेसिसचा आकडा या गाड्यांना पुढच्या डाव्या टोकावर ठोकलेला असतो, जिथे पुढची कमान, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, चेसिसला अडकते त्या शिंगावर. तिथे रंगाचे थर होते. वर काळा, मग लाल, मग पुन्हा काळा. रंग घासायला मी पॉलिश पेपर वापरत नाही, थिनरचं फडकं आणि धीर. आकडे दिसायला लागल्यावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली. आरटीओत गाडी नावावर करताना चेसिसची पेन्सिल प्रिंट द्यावी लागते, ती ज्याने घेतली आहे त्याला हे सांगायला नको. प्रिंटचा फायदा असा की डोळ्याला रंगामुळे जे दिसत नाही ते कागदावर उमटतं. टी, बी, तिरकी रेघ, चार आकडे, आणि ते 0629 च्या आतले. पूर्ण नंबर इथे देत नाही, उद्या कोणीतरी त्याची पाटी बनवायचा.

आकड्यांची ओळ सरळ नव्हती. दुसरा आकडा किंचित वर चढलेला, शेवटचा जरा खोल. हे मला आवडलं. हाताने पंच धरून हातोडीने ठोकलेले आकडे असेच येतात. नव्याने ठोकणारा माणूस उलट पट्टी लावून काळजीपूर्वक ठोकतो, आणि बरोबर तिथेच सापडतो. शिवाय आकड्यांच्या खाचांत सगळ्यात खालचा काळा रंग घट्ट बसलेला होता आणि आजूबाजूचं पोलाद घासल्यासारखं खोलगट नव्हतं. तरीही यावर मी सही केली नसती. आकडा ही गिऱ्हाइकाची बघायची जागा.

मग गाडीखाली गेलो. या वयात खाली जाणं सोपं, वर येणं अवघड, पण खरी मजा तिथेच आहे.

टीए आणि टीबीच्या कमानींचं मागचं टोक कांस्याच्या, खाच पाडलेल्या ठोकळ्यात बसतं आणि गाडी खालीवर झाली की त्या खाचेत पुढेमागे सरकतं. इंग्रज लोक याला ट्रनियन म्हणतात. याला ग्रीस लागतं, ग्रीस नाही मिळालं की झिजतं आणि खडखडतं. टीसी करताना त्यांनी हे काढून टाकलं आणि रबरी बुशांचे शॅकल बसवले, आपल्याकडच्या कोणत्याही जीपला असतात तसे. हा बदल चेसिसच्या आडव्या नळीच्या टोकालाच होतो. टीसीच्या चेसिसला ट्रनियन बसवायचे म्हणजे कापाकापी, वेल्डिंग आणि खराद्याकडे खेटे. आणि कोणासाठी? जी जागा बघायला पोटावर झोपावं लागतं तिच्यासाठी? नानांच्या गाडीला ट्रनियन होते. चारही. उजवीकडचा मागचा इतका झिजला होता की कमान त्यात डुलत होती, आणि वर्षानुवर्षांचं ग्रीस धुळीशी मिळून डांबरासारखं झालं होतं. असं डांबर दलालाला बनवता येत नाही.

दुसरी खूण बॅटरीची. टीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, मागच्या आसाजवळ असत. टीसीत एकच बारा व्होल्टची, पुढे बॉनेटखाली. इथे बॉनेटखाली दोरीने बांधलेली ट्रॅक्टरची बॅटरी होती आणि दलालाने ती बघून काहीच म्हटलं नव्हतं. पण मागे आसाच्या पुढे दोन चौकटी होत्या, गंजून पापडासारख्या झालेल्या. रिकाम्या. कोणी काढल्या नाहीत कारण कोणाला त्या दिसल्याच नाहीत.

तिसरी खूण मला सगळ्यात जास्त आवडली. टीसीची बॉडी बसायच्या जागी चार इंच रुंद केली, पण मडगार्ड जिथल्या तिथे ठेवले, त्यामुळे पायरी अरुंद झाली. टीबीच्या पायरीवर धातूच्या तीन पट्ट्या, टीसीच्या पायरीवर दोन. नानांच्या पायऱ्यांवर पट्टीच नव्हती, कोणीतरी काळं रबर चिकटवलं होतं. नानांची परवानगी घेऊन एका कोपऱ्यातून रबर सोललं. खाली पत्र्यात स्क्रूची बुजलेली भोकं होती, तीन ओळींत.

चेसिस टीबीचं. आरसी बुक चुकलेलं. 1946 कुठून आलं याचा माझा अंदाज असा की युद्धानंतर मुंबईत नव्याने नोंद करताना त्या वर्षीची तारीख आणि त्या वर्षी ज्या मॉडेलचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं ते, दोन्ही बुकात गेलं. कारकुनाच्या जागी मी असतो तर मीही बॉनेटकडे बघून टी. सी. लिहिलं असतं.

लाकडाचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, अ‍ॅश नावाच्या इंग्लिश लाकडाचा. दाराच्या खांबाजवळ पत्रा उचलला तर आत गडद, तेलकट लाकूड. पटाशीने एक कपची काढून नाकाला लावली. साग! शेजारच्या गल्लीतल्या सुताराला बोलावलं, त्याने कपची बोटात फिरवली आणि वलसाडी साग म्हणून मोकळा झाला. स्क्रूही काही ठिकाणी स्टार होते, जे युद्धापूर्वीच्या इंग्लिश गाडीत असायचं कारण नाही. नानांनी लगेच सांगून टाकलं, अ‍ॅशला वाळवी लागली होती, वडिलांनी जुने तुकडे नमुन्याला ठेवून सगळा सांगाडा सागात करवून घेतला. आतली रुंदी मी मोजली, ती टीबीचीच निघाली. सुताराने नमुना प्रामाणिकपणे उतरवला होता. हे अहवालात जसंच्या तसं गेलं: आकार मूळचा, लाकूड मूळचं नाही.

आता इंजिन. इथे दलाल साहेबांचा आत्मविश्वास बघण्यासारखा होता. तो त्या दिवशी मुद्दाम आला होता. या इंजिनाला एक्सपीएजी म्हणतात आणि त्याचा नंबर ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्यात, ठोकलेला नसतो, अष्टकोनी पितळी पाटीवर असतो आणि ती पाटी ब्लॉकवर जडवलेली असते. त्याने पाटी दाखवली. एक्सपीएजी आणि पुढे तीन आकडी नंबर, टीबीच्या काळाला साजेसा, बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, मोठ्या पितळी पाटीवर तोच, आरसी बुकात तोच. “देखिए साब, तीनों जगह एक।”

मी म्हटलं, पाटी काढता येते.

तो तयारीनिशी आला होता. त्याने पाना काढला आणि एक बोल्ट सोडवून माझ्या हातावर ठेवला. बोल्टचं डोकं इंग्लिश व्हिटवर्थ मापाचं आणि आटे मेट्रिक. हे इंजिन ओळखायची प्रसिद्ध खूण आहे ती. झालं होतं असं की मॉरिसने 1923 मध्ये कॉव्हेंट्रीमधला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरमध्ये पडायचे. पण इंग्लंडातल्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे. म्हणून डोकी इंग्लिश, आटे फ्रेंच. मी थ्रेड गेज लावून बघितलं, 8 मिलिमीटर बोल्टाला 1 मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. बरोबर होतं. दलालाने पुतण्याकडे बघून मान हलवली.

पण मॉरिसच्या कारखान्यातून फक्त एम. जी. चीच इंजिनं निघत नव्हती. एक्सपीएजी हे मुळात मॉरिस टेन या घरगुती गाडीच्या इंजिनाचं वाढवलेलं रूप. मॉरिस टेनचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 63.5 मिलिमीटर, एम. जी. चं 66.5. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा खालीवर प्रवास, दोन्हींचा 90. म्हणून ते 1140 सीसी आणि हे 1250. आटे दोन्हीकडे तेच विक्षिप्त, बाहेरून चेहरा सख्ख्या भावांचा. आणि मॉरिस टेन म्हणजे आपल्याकडची हिंदुस्तान टेन! हिंदुस्तान मोटर्स 1942 साली निघाली, जुळणीचं काम सुरू झालं ते आपल्याच ओखा बंदरात, 1948 मध्ये कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेला. म्हणजे ज्या काळात नानांच्या वडिलांकडे ही गाडी होती त्या काळात गुजरातच्या रस्त्यांवर एम. जी. च्या इंजिनाचे धाकटे भाऊ हिंडत होते, आणि एम. जी. चे सुटे भाग मात्र आयातीच्या निर्बंधांमुळे मिळत नव्हते. आटे बघून या दोन भावांत फरक करता येत नाही. प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टन किती खाली जातो ते मोजलं तरी नाही, कारण दोघांचा प्रवास नव्वदच. बोअरच मोजावं लागतं, आणि त्यासाठी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवावं लागतं.

दलाल म्हणाला, गरज नाही. नाना म्हणाले, उतरवा.

मकरपुऱ्याच्या एका गॅरेजातले म्हातारे मिस्त्री मी बोलावले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण नटाला हात लावला की नट ऐकतो. गाडी बरीच वर्षं बंद असल्यामुळे हेड स्टडमध्ये धरलं होतं, डिझेल सोडून रात्रभर ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी गॅस्केटसकट उचललं गेलं. मिस्त्रींनी सिलिंडरकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आ तो हिंदुस्तान छे, साहेब.”

डोळ्याने सांगितलेलं मी लिहून घेतो, पण सही मापावर करतो. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घेऊन बसलो. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजतं, जिथे पिस्टनची वरची रिंग येऊन थांबते तिथे. म्हणून अगदी खाली, जिथे रिंग पोहोचत नाही तिथलं माप विश्वासाचं. चारही सिलिंडरांत ते 64.26 च्या आसपास आलं. 63.5 मध्ये तीस थाऊचा, म्हणजे इंचाच्या तीस हजारांशांचा, ओव्हरसाइज मिळवा, 64.26 होतात. हिशोब तंतोतंत बसला.

दलालाचा शेवटचा मुद्दा चांगला होता, तो मान्य करायला हवा. तो म्हणाला, असेल एक्सपीएजीच, कोणीतरी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नळी, घालून बोअर लहान केलं असेल. बोअर झिजून आणि रिबोअर होऊन मोठंच होत जातं, लहान व्हायला तो एकच मार्ग. पण लायनर घातला की ब्लॉकच्या माथ्यावर प्रत्येक बोअरभोवती एक बारीक गोल रेघ राहते, जुन्या बिडाची आणि नव्या बिडाची सीमा. ब्लॉकचा माथा रॉकेलने धुतला, भिंग लावलं, टॉर्च आडवा धरला. चारांपैकी कुठेही रेघ नव्हती. आणि पाटी? ती बारीक पितळी स्क्रूंनी बसवलेली होती, पाटीच्या मूळ भोकांच्या कडा रिव्हेट उपटताना फाटल्या होत्या त्या तशाच होत्या.

मी नानांना हळूच सांगायला गेलो. वडिलांची गाडी, भावना असतात. नाना मोठ्याने हसले. “मग? मी कधी नाही म्हटलं? मला कोणी विचारलंच नाही. सगळे त्या पुतण्याशीच बोलतायत.”

मग सगळी हकीकत निघाली. नाना तेव्हा शाळेत होते. पादरा गावाच्या रस्त्यावर कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल रस्त्यावर. वडिलांनी मुंबईला पत्रं लिहिली, ब्लॉक मिळेना. मग कोणाची तरी हिंदुस्तान टेन झाडावर आदळून मोडीत निघाली होती, तिचं इंजिन घेतलं. एम. जी. चे दोन एसयू कार्ब्युरेटर मॅनिफोल्डसकट त्यावर चढवले. पाटी वडिलांनी स्वतः काढून नव्या ब्लॉकवर लावली, कारण बुकात तोच नंबर होता आणि कचेरीत खेटे घालायला त्यांना वेळ नव्हता. गाडी पूर्वीइतकी पळत नसे. पण या मॉडेलमध्ये स्पीडोमीटर ड्रायव्हरसमोर नसतोच, बाजूला बसणाऱ्यासमोर असतो, ड्रायव्हरपुढे फक्त आरपीएमचं घड्याळ. “त्यामुळे वेग कमी झाल्याचं फक्त आईला माहीत होतं,” नाना म्हणाले.

म्हणजे गंमत बघा. ज्यावर संशय होता ते टीबीपण खरं निघालं, आणि तीन ठिकाणी जुळणारा नंबर, ज्यावर सगळ्यांचा विश्वास, तो सोयीसाठी हलवलेला निघाला. फसवायचं म्हणून कोणी काही केलं नव्हतं. पण नानांच्या वडिलांनी कंटाळा म्हणून हलवलेली पाटी सत्तर वर्षांनी दलालाच्या तोंडी पुरावा झाली होती. माझ्या लेखी हे चोरीच्या गाडीपेक्षा अवघड काम. चोराचा हेतू कळला की पुढचं कळतं, इथे हेतूच नव्हता.

दलाल जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला, “साब, बस इतना लिखो कि इंजन नंबर प्लेट और आरसी बुक से मैच करता है। झूठ तो नहीं है।” नाहीच ते खोटं. शब्दन् शब्द खरं. धंद्यात मी सर्वांत जास्त भांडलो ते असल्याच वाक्यांशी. मी अहवालात ते वाक्य घातलं आणि त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलं की ब्लॉक 63.5 मिलिमीटर जातीचा आहे, 64.26 वर रिबोअर केलेला, एम. जी. चा नाही, पाटी मूळ इंजिनाची असणं शक्य आहे, मूळ इंजिन गाडीत नाही. चेसिस, कमानी, बॅटरीच्या चौकटी, पायऱ्या, लाकूड, इंजिन, प्रत्येकाचं वेगळं. ‘गाडी अस्सल आहे’ किंवा ‘नाही’ असं एकच वाक्य दलालालाही हवं होतं आणि पुतण्यालाही. ते मी लिहिलं नाही. मुंबईचं गिऱ्हाईक गेलं.

पुतण्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्याने स्वतःच 2021 चे विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम वाचून काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रस्त्यावर आणायची ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामांसाठी. पण त्यात एक अट आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नानांच्या गाडीत फेरफार झालाय आणि तो आता स्वतःच विंटेज झालाय. अशा फेरफाराला काय म्हणायचं ते नियमाच्या त्या वाक्यातून निघत नाही. माझं मत विचाराल तर अर्जासोबत माझा अहवाल जसाच्या तसा जोडावा, इंजिनाच्या परिच्छेदासकट, आणि तपासणाऱ्यांना ठरवू द्यावं. पुतण्याला ते पटलेलं नाही. नानांना पटलं आहे, आणि गाडी नानांच्या नावावर आहे.

चेसिसची पेन्सिल प्रिंट, ट्रनियनचे आणि पायरीच्या भोकांचे फोटो अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरकडे पाठवले आहेत. टी मालिकेतल्या गाड्यांची नोंद ते ठेवतात. 379 पैकी एक दांडिया बाजारात उभी आहे हे त्यांना कळलेलं बरं.

नानांना आता खरं इंजिन शोधायचं आहे. हिंदुस्तानचं काढून टाकायचं नाही म्हणतात, ते शेडमध्येच राहील, त्याने घरची चाकरी केली आहे. पण एक्सपीएजी ब्लॉक कुठे पडून असेल तर हवाय. नागपूर, इंदूर, कोल्हापूर, कुठल्या तरी वाड्यात, कुठल्या तरी गॅरेजच्या माळ्यावर असणारच. तुमच्या ओळखीत कोणाकडे असेल तर कळवा. फोटोत अष्टकोनी पाटी आली नाही तरी चालेल. बोअरचं माप मात्र पाठवा, खालच्या न झिजलेल्या भागातलं. 66.5 किंवा त्याहून जास्त भरलं तर मी रिक्षा करून मिस्त्रींना घेऊन येतो, आणि कमी भरलं तर आधी माथा धुऊन लायनरची रेघ दिसते का बघा.